दवाखाना नेमका किती लांब आहे?

मैत्रिणींनो, आज एक अगदी साधा प्रश्न विचारते. तुमच्या घरापासून दवाखाना किती लांब आहे?

शहरातली बाई पटकन सांगेल, दोन किलोमीटर. पण आमच्या मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्यात हाच प्रश्न विचारून पाहा. एक म्हणते, "सकाळची येष्टी सापडली तर तासाभरात पोचतो. नाही सापडली तर बसा दुपारपर्यंत फाट्यावर." दुसरी म्हणते, "उन्हाळ्यात जवळच हाय की, पावसाळ्यात लांब." तिसरी पदर तोंडाशी धरून हसते, "मालक घरी असले तर जवळ, नसले तर लई लांब!"

आपल्याला वाटतं, या बायकांना अंतर कळत नाही. खरं तर उलट आहे. अंतर त्यांनाच नीट कळतं. जगभरातले आरोग्यतज्ज्ञ आता हेच सांगतायत की दवाखान्याचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, वेळेत मोजा. आणि तो वेळ मोजण्याची साधनं आता फुकट मिळतात. घरातल्या साध्या संगणकावर, एवढंच काय हातातल्या मोबाइलवरही चालतात. माझं माहेर नांदेड जिल्ह्यातलं आणि सासर लातूरचं. दोन्हीकडचे रस्ते पायाखालचे. त्यामुळे या नकाशांच्या नादाला मी लागले आणि जे कळत गेलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

डोकी मोजली, वाट कोणी मोजली?

आधी सरकारी हिशेब बघू. सपाट भागात पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि एक लाख वीस हजारांना एक ग्रामीण रुग्णालय, असा निकष वर्षानुवर्षं चालत आला आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागासाठी हे आकडे तीन हजार, वीस हजार आणि ऐंशी हजार असे आहेत. बऱ्याच उपकेंद्रांवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी नवी पाटी दिसते, पण हिशेबाची पद्धत मुळात तीच आहे.

हा हिशेब चुकीचा नाही, पण तो डोकी मोजतो, वाट मोजत नाही. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या साडेतेहतीस लाखांच्या पुढे होती आणि लातूरची साडेचोवीस लाख. नांदेडचे सोळा तालुके, लातूरचे दहा. कागदावर भागाकार करून टाकला की सगळं समान वाटल्यासारखं दिसतं. पण किनवट-माहूरच्या जंगलपट्टीत गोंड, कोलाम, आंध बांधवांचे पाडे लांब लांब विखुरलेले आहेत. तिथले वीस हजार लोक आणि लातूर शहराला चिकटून राहणारे तीस हजार लोक यांना एकाच तराजूत कसं तोलणार? किनवटहून नांदेड शहर गाठायचं म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास. कळा सुरू झालेल्या बाईला तो प्रवास किती लांब वाटत असेल, ते आपण बायकाच जाणू शकतो.

दोन तासांचं गणित

बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाला नाही, तर बाईच्या हातात साधारण दोन तास असतात, असं तज्ज्ञ सांगतात. फक्त दोन तास! २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगानेही हाच आकडा धरला. सिझेरियन, पोटाची तातडीची शस्त्रक्रिया आणि उघड्या जखमेचं हाड मोडणं, या तीन गोष्टींचा इलाज होईल असं रुग्णालय दोन तासांत गाठता आलं पाहिजे, असं त्या आयोगाने म्हटलं. २०३० पर्यंत प्रत्येक देशातल्या किमान ऐंशी टक्के लोकांना हे शक्य व्हावं, असं ध्येयही ठेवलं.

त्याच्याही आधी, १९९४ मध्ये, सेरिन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी मातामृत्यूचा अभ्यास करून तीन उशीर सांगितले होते. पहिला उशीर, दवाखान्यात न्यायचं ठरवण्यात. दुसरा, दवाखान्यापर्यंत पोचण्यात. तिसरा, दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळण्यात. माझ्या मते आरोग्यावरची शंभर भाषणं एकीकडे आणि हे तीन उशीर एकीकडे. घरोघरी हेच घडतं ना? "सासूबाई म्हणतात थांबा थोडं," हा पहिला उशीर. "गाडी मिळेना," हा दुसरा. "डॉक्टर नाहीत, पुढे घेऊन जा," हा तिसरा.

महाराष्ट्राने या बाबतीत मजल मारली आहे, हे मान्य करायला हवं. २०१८ ते २०२० या काळात आपल्या राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. पण सरासरी ही फार फसवी चीज असते. पुण्याची बाई आणि माहूरच्या तांड्यावरची बाई एकत्र मिसळली की सरासरी छान दिसते. तांड्यावरची बाई मात्र त्या सरासरीत हरवून जाते.

ऑक्टोबर २०२३ ची नांदेडची बातमी तुम्ही विसरला नसाल. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यात बारा नवजात बाळं होती. देशभर चर्चा झाली. औषधं, मनुष्यबळ, खाटा यांवर बरंच बोललं गेलं. त्याच वेळी रुग्णालयाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली गेली होती. सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या परिसरात एवढ्या वरच्या दर्जाचं हे एकच सरकारी रुग्णालय आहे, म्हणून लांबलांबून अत्यवस्थ रुग्ण इथे येतात. कोण बरोबर, कोण चूक हा वाद मी इथे घालत नाही. पण त्या वाक्यातला 'सत्तर-ऐंशी किलोमीटर' हा शब्द माझ्या मनातून जाईना. आजारी बाळाला घेऊन एवढं अंतर कापायचं म्हणजे किती वेळ? कोणत्या गावातून किती? हे कोणी मांडून ठेवलंय का?

नकाशाने काय साधतं?

नकाशाने जीव वाचतात, ही गोष्ट नवी नाही. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. सहाशेहून अधिक माणसं गेली. तेव्हा लोक समजत होते की वाईट हवेने कॉलरा होतो. डॉ. जॉन स्नो यांनी कुठल्या घरात किती मृत्यू झाले ते नकाशावर मांडलं. ब्रॉड स्ट्रीटच्या सार्वजनिक पंपाभोवती मृत्यूंची दाटी दिसली. त्यांनी आधीच बांधलेला अंदाज नकाशाने सगळ्यांच्या नजरेसमोर आणला. पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. यादीत जे दिसत नाही ते नकाशावर दिसतं, ते असं.

आजचे नकाशे संगणकावर बनतात आणि त्यातले काही 'मुक्त स्रोत' म्हणजे ओपन सोर्स असतात. हे काय प्रकरण? आपल्या भाषेत सांगते. शेजारणीने तुम्हाला येसर आमटी वाढली आणि येसरची कृती सांगितलीच नाही, तर तुम्ही फक्त खाऊ शकता. पण तिने कृतीही हातात दिली आणि म्हणाली, "कर, तुझ्या चवीने बदल, आणि पुढे दुसरीलाही सांग," तर ते झालं मुक्त स्रोत. सॉफ्टवेअरची कृती सगळ्यांसाठी खुली. पैसे नाहीत.

यातल्या तीन गोष्टींची ओळख करून देते. पहिली, 'ओपनस्ट्रीटमॅप'. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट या इंग्लंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केलेला हा जगाचा नकाशा लोकांनी लोकांसाठी बनवला आहे. आपल्या गावचा रस्ता, पूल, दवाखाना त्यात आपणच भरायचा. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरातल्या स्वयंसेवकांनी उपग्रहाच्या चित्रांवरून तिथले रस्ते काही दिवसांत नकाशावर आणले आणि मदत पथकांनी ते वापरले. हे वाचताना मला ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवली. लातूर-उस्मानाबादच्या त्या भूकंपात हजारो माणसं गेली. त्या वेळी असं काही साधन हाताशी नव्हतं. कोणत्या गल्लीत कोण अडकलंय, हे वाचलेल्या माणसांच्या तोंडूनच कळायचं.

दुसरी, 'क्यूजीआयएस'. २००२ मध्ये सुरू झालेलं हे नकाशे बनवण्याचं आणि तपासण्याचं मोफत सॉफ्टवेअर. हे आपल्या मराठवाड्याला अगदी अनोळखी नाही बरं का. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावोगावच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी आयआयटी मुंबईच्या मंडळींनी याच सॉफ्टवेअरला जोडणारं साधन तयार केलं होतं. ज्या साधनाने गावाचं पाणी मोजता येतं, त्याने गावाची दवाखान्याची वाटही मोजता येते.

तिसरी, 'अ‍ॅक्सेसमॉड'. हे जागतिक आरोग्य संघटनेचं साधन खास दवाखान्यापर्यंतचा वेळ काढण्यासाठीच आहे. ते कसं चालतं? सगळ्या जमिनीचे छोटे छोटे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोन ओलांडायला किती वेळ लागेल ते ठरवायचं. डांबरी रस्त्यावर गाडी धावते, कच्च्या रस्त्यावर रखडते, शेतातून पायीच जायचं, चढ आला की पाय जड होतात, आणि नदी आली तर पूल असेल तिथूनच पलीकडे. मग दवाखान्यापासून हिशेब सुरू करायचा. शेतात पाटाचं पाणी सोडलं की जिथे दांड मोकळा तिथे ते झरझर जातं आणि जिथे बांध आडवा तिथे थबकतं, वळसा घेतं. तसाच इथे वेळ पसरत जातो. शेवटी नकाशावर रंग दिसतात. अर्ध्या तासात पोचणारी गावं एका रंगात, एका तासातली दुसऱ्या, दोन तासांपलीकडची तिसऱ्या.

अशाच पद्धतीने काही संशोधकांनी २०२० मध्ये सगळ्या जगाचा नकाशा मांडला होता. गाडी हाताशी असेल असं धरलं तरी जगातल्या सुमारे नऊ टक्के लोकांना तासाभरात दवाखाना गाठता येत नव्हता. आणि पायी जायचं म्हटलं तर त्रेचाळीस टक्क्यांना! नऊ आणि त्रेचाळीस. या दोन आकड्यांमध्ये जी माणसं आहेत, त्यांची सगळी अडचण 'गाडी आहे की नाही' एवढीच आहे. आपल्याकडे घरात मोटारसायकल असते, पण ती चालवतो कोण? किल्ली कोणाच्या खिशात असते?

रांगोळीचा नकाशा

गेल्या वर्षी आम्ही सात-आठ जणींनी लातूर जिल्ह्यातल्या एका गावात हे करून बघायचं ठरवलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दोन आशाताई, एक अंगणवाडीताई, बचत गटाच्या बायका आणि भूगोल घेऊन शिकणारी एक मुलगी. सुरुवात संगणकावर केलीच नाही. समाजमंदिराच्या फरशीवर रांगोळीने गाव काढलं. बायका अशा काही सरसावल्या की विचारू नका! "इथं ओढा काढ गं." "हा रस्ता सरळ नाही, वळतो." "वस्तीवरची पाच घरं राहिली की!" रांगोळी संपली तेव्हा पीठ आणलं.

मग ते मोबाइलवर घेतलं. संगणकावर गावापासून आरोग्य केंद्रापर्यंत सरळ रेषा ओढली तर चार किलोमीटर. ओढ्यातून जाणाऱ्या रस्त्याने सहा. आणि ओढ्याला पाणी आलं की फाट्यावरून वळसा घालून अकरा. एकच गाव, एकच दवाखाना, पण अंतरं तीन. सरकारी कागदावर यातलं कुठलं असेल, सांगा बरं?

मग त्या मुलीने वहीत तीन रकाने आखले. दिवस, रात्र, पाऊस. आणि प्रत्येक घरासाठी वेळ लिहायला घेतला. रात्रीचा रकाना भरताना सगळ्या गप्प झाल्या. कारण रात्री एसटी नाही, रिक्षावाला यायला तयार होईलच असं नाही. उरते १०८. एक आजी म्हणाल्या, "दिवसा दुखणं आलं तर नशीब समजायचं." कोणीच हसलं नाही.

१०८ ची गोष्ट निघालीच आहे तर तोही हिशेब करू. २०१४ मध्ये आपल्या राज्यात ही सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत, यात शंका नाही. पण गाडी उभी कुठे असते याला फार महत्त्व आहे. समजा, ती गावापासून पंचवीस किलोमीटरवर आहे आणि मोठं रुग्णालय गावापासून साठ किलोमीटरवर. ताशी चाळीसच्या वेगाने गाडी यायला सदतीस मिनिटं. पेशंटला उचलून ठेवायला दहा मिनिटं. पुढे रुग्णालयापर्यंत नव्वद मिनिटं. झाले एकशे सदतीस, म्हणजे दोन तास उलटून गेले. आता तीच गाडी आठ किलोमीटरवर उभी आहे असं धरा. बारा, दहा आणि नव्वद मिळून एकशे बारा मिनिटं. दोन तासांच्या आत! नवीन रुग्णालय बांधलं नाही, नवीन डॉक्टर नेमला नाही. फक्त गाडी उभी करायची जागा बदलली. ही जागा अंदाजाने न ठरवता नकाशावर ठरवता येते, हाच या साधनांचा खरा उपयोग आहे.

टिपका म्हणजे सेवा नव्हे

नकाशा काढताना एक फसगत होऊ शकते, ती ओळखून असावं. नकाशावर दवाखान्याचा टिपका दिसला म्हणजे काम झालं असं नाही. तिथे रात्री कोणी राहतं का? सिझेरियन होतं का? भूल देणारे डॉक्टर आहेत का? रक्त साठवलेलं असतं का? जवळच्या टिपक्यावर फक्त ताप-खोकल्याची गोळी मिळत असेल, तर बाळंतिणीच्या दृष्टीने तो दवाखाना तिथे नाहीच. म्हणून एकाच जिल्ह्याचे वेगवेगळे नकाशे लागतात. लसीकरणाचा वेगळा, बाळंतपणाचा वेगळा, सिझेरियनचा वेगळा, सापाच्या विषावरच्या औषधाचा वेगळा. पहिल्या नकाशात जे गाव सुखी दिसतं ते शेवटच्या नकाशात उघडं पडतं.

दुसरी गंमत जिल्ह्याच्या आणि राज्याच्या सीमेची. उदगीरहून लातूर साधारण पासष्ट किलोमीटर, आणि कर्नाटकातलं बिदरही फार लांब नाही. किनवटकरांना नांदेडपेक्षा तेलंगणातलं आदिलाबाद जवळ. माहूरहून यवतमाळ जवळ. या तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. बायका तर केव्हापासून तिकडे जातातच, त्यांना सीमा कोण सांगणार? पण जिल्ह्याचा आराखडा बनवताना नकाशा सीमेपाशी कापला जातो आणि पलीकडचं रुग्णालय हिशेबातच येत नाही. तिकडे आपल्या राज्याची आरोग्य योजना चालेल का, आशाताईच्या वहीत त्या बाळंतपणाची नोंद होईल का, हे प्रश्न तसेच लोंबकळत राहतात. खुल्या नकाशाला सीमा नसते, म्हणून त्यात हे प्रश्न निदान डोळ्यांसमोर तरी येतात.

आणि पाऊस! ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात काय झालं ते आपण पाहिलं. एका रात्रीत पाणी चढलं, लेंडी नदीकाठची गावं वेढली गेली, सुटकेसाठी लष्कराला बोलवावं लागलं. अशा वेळी कोणत्या गावाचा दवाखान्याशी संबंध आधी तुटतो, कोणत्या गावात दिवस भरलेल्या बायका आहेत, याची तयारी पावसाआधी करता येते. आपल्या राज्यात आदिवासी भागासाठी 'माहेरघर' योजना आहे, हे काही जणींना ठाऊक असेल. दिवस भरत आले की बाईने आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं. किती साधी युक्ती! रस्ता जवळ आणता येत नाही, तर बाईलाच जवळ आणा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत याच्या उलट केलं. गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळाचा उपचार घरी नेला आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांचं काम छापलं तेव्हा जगाने दखल घेतली. नकाशा आपल्याला एवढंच सांगतो की कुठल्या गावाला कुठली युक्ती लागू पडेल.

आपल्याला काय करता येईल?

तुम्ही म्हणाल, हे सगळं शिकलेल्यांचं काम. मुळीच नाही. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये माहिती भरायला 'स्ट्रीटकंप्लीट'सारखं छोटं अ‍ॅप आहे. तुम्ही रस्त्याने चालत असलात की ते साधे प्रश्न विचारतं. हा रस्ता पक्का आहे का? हा दवाखाना किती वाजता उघडतो? तुम्ही उत्तर द्यायचं, ते नकाशात जातं. क्यूजीआयएस शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे छोटे धडे मोफत मिळतात. कॉलेजात जाणाऱ्या तुमच्या लेकीला किंवा सुनेला बसवा. एका सुटीत शिकेल. माहितीही मिळते. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्रामसडक योजनेची रस्ते, वस्त्या, शाळा, दवाखाने यांची माहिती सगळ्यांसाठी खुली केली. २०२१ च्या नव्या नियमांमुळे भारतीय माणसाला नकाशे बनवायला पूर्वीसारख्या परवानग्यांच्या मागे धावावं लागत नाही. संवेदनशील ठिकाणांचे नियम तेवढे पाळायचे.

एक काळजी मात्र नक्की घ्या. खुल्या नकाशात रस्ते, पूल, दवाखाने घालायचे. कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कोणाला कुठला आजार आहे, हे कधीही नाही. ती माहिती आशाताईच्या वहीतच राहिली पाहिजे. नकाशा सगळ्यांचा असतो, बाईचं दुखणं तिचं असतं.

आणि नकाशा तयार झाला की तो घरात ठेवू नका. गावात आरोग्य, पोषण आणि स्वच्छतेची समिती असते. ग्रामसभा असते. आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती असते. तिथे तो घेऊन जा. नुसतं "आमच्या गावाला सोय नाही" म्हटलं की साहेब मान डोलावतात आणि विसरतात. पण "आमच्या गावातून पावसाळ्यात रात्री रक्त मिळेल अशा रुग्णालयात पोचायला तीन तास लागतात, हा बघा नकाशा, आणि ओढ्यावर पूल झाला तर एवढा वेळ वाचतो," असं म्हटलं की उत्तर द्यावं लागतं. आम्ही आमच्या गावाचा नकाशा असाच ग्रामसभेत मांडला. पूल अजून झालेला नाही. पण ठराव झाला, आणि त्या ठरावाला नकाशा जोडला आहे. यंदा पावसाळ्याआधी दिवस भरत आलेल्या दोघींना त्यांच्या घरच्यांनी आधीच तालुक्याला नातेवाइकांकडे नेऊन ठेवलं. हे कोणी सांगितलं नव्हतं. पावसाच्या रकान्यातले आकडे त्यांनी स्वतःच वाचले होते.

पहिल्या उशिराचं औषध मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही. "थांबा थोडं" म्हणणाऱ्या घराला कुठला नकाशा समजावणार? ते काम आपलंच, सासूचं, जावेचं, शेजारणीचं. पण एक बरं आहे. एकदा भिंतीवर वेळ लिहिलेला असला, की 'थोडं थांबणं' केवढ्याला पडतं ते सगळ्यांना दिसतं. तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. मैत्रिणींना जमवा, रांगोळी घ्या आणि तुमच्या गावाचे तीन रकाने भरा. दिवस, रात्र, पाऊस. बाकीचं संगणकावर नंतर घेता येईल.